उलटा उतार

शनिवारी जेवणाआधी तळघरातला कोबा एकदाचा फुटला. रादिवोये गुडघ्यांवर बसला आणि उघड्या पडलेल्या पाइपवर त्याने पाणसळ ठेवली. काचेतला बुडबुडा भलत्याच बाजूला पळाला.

"बघ देसांका," तो लेकीला म्हणाला, "मोरीचं पाणी बाहेर जायचं सोडून भिंतीकडे येतंय. तीस वर्षं अख्खं गाव हेच सांगत होतं. मीच ऐकत नव्हतो."

देसांका घमेल्यात कोब्याचे तुकडे भरत राहिली. ती आठ वर्षांची होती तेव्हा शेजारीपाजारी जमून हे तळघर बांधत होते. पळता पळता तिचा पाय पाइपचा उतार ठरवायला ताणलेल्या दोरीत अडकला आणि दोरीची खुंटी उपटली. मार बसेल म्हणून तिने ती गुपचूप परत ठोकली. ती जरा वरच राहिली. त्याच दोरीप्रमाणे बाबांनी पाइप टाकला. तेव्हापासून दर वसंतात आंबवलेल्या कोबीच्या पिंपाभोवती पाणी साचायचं, आणि शेजारचा स्त्रेतेन कुंपणावरून ओरडायचा, "काय रे रादिवोये, तुझ्याकडे पाणी डोंगर चढतं म्हणे!"

"दोरी तर नीट बांधली होती मी," रादिवोये पुटपुटला. "डोळेच फसले असणार."

"बाबा..."

"काय गं?"

"सूप निवतंय."

"चल. उरलेलं उद्या."

रविवारी सकाळी तो उठलाच नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाले.

चाळिसाव्या दिवशी त्याच्या नावाने जेवायला माणसं येणार, आणि तळघरात चर तसाच उघडा. स्त्रेतेन धाकट्या भावाला घेऊन न बोलावता आला. दोघांनी जुना पाइप उकरून काढला आणि नव्यासाठी दोरी ताणली.

"नीट बघ हं दादा," भाऊ म्हणाला, "नाहीतर रादिवोयेचा उतार व्हायचा!"

दोघेही हसले. मग स्त्रेतेनला जिन्यावर देसांका दिसली. त्याने टोपी काढली.

"चुकलं, पोरी. लाख माणूस होता. या कामात तेवढा हात नव्हता त्याचा."

देसांकाने आलुबुखाराच्या दारूचे पेले पायरीवर ठेवले.

"हात बरोबर होता त्यांचा, काका. खुंटी मी हलवली होती."

"कुठली खुंटी?"

"तेव्हाची. माझ्या पायाने उपटली, मीच चुकीची ठोकली. तुम्ही सगळे त्यांना हसत होता आणि मी गप्प राहिले. त्या शनिवारीसुद्धा गप्पच राहिले."