बिनविजारीचं घुबड

घासूअण्णांच्या आयुष्यात दोनच दुःखं होती. एक पाठदुखी आणि दुसरं थोरले साडू. पाठदुखीला निदान मलम तरी होतं.

दोघंही धुरकट स्फटिक कोरायचे. कोऱ्या चहाच्या रंगाचा, आरपार दिसणारा तो दगड. त्याची पानं, थेंब, कानातली कोरून अण्णांचं घर चालायचं आणि उरल्या वेळात ते संग्राहकांसाठी पशुपक्षी करायचे. साडू फक्त पशुपक्षी करायचे आणि उरल्या वेळात अण्णांना सल्ले द्यायचे. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

दरवर्षी धुरकट स्फटिकांचं प्रदर्शन भरे आणि दारासमोरच्या मोठ्या काचेच्या कपाटात साडूंचंच काम लागे. सलग चौदा वर्षं. अण्णांचं काम कधी खांबामागे, कधी जिन्याखाली. साडू तिथवर वाट काढत येत आणि म्हणत, "छान आहे रे. सापडलं म्हणजे छान आहे."

यंदा मात्र अण्णांनी घुबड केलं होतं. मुठीएवढं, गरगरीत, कुणावर तरी रागावल्यासारखं. चार महिने ठिबकत्या पाण्याखाली बोटं गारठवून त्यांनी त्याचं पीस न् पीस कोरलं होतं. यंदा ते कपाट मिळालं नाही तर आपण हत्यारं खाली ठेवू, असं त्यांनी बायकोला सांगितलं होतं. बायकोने ते ऐकून भाजी चिरली होती, कारण हे ती सहाव्यांदा ऐकत होती. पण या खेपेला ते खरं होतं.

प्रदर्शनाच्या सकाळी एकच काम उरलं. कोरताना दगड हलू नये म्हणून तो लाखेने लोखंडी चकतीवर चिकटवलेला असतो, तो सोडवायचा. अण्णांची रीत ठरलेली होती. कढईत वाळू, वाळूत घुबड कमरेपर्यंत पुरायचं, खाली मंद आच, आणि मोठ्याने शंभरपर्यंत मोजायचं. शंभराला लाख मऊ होते आणि दगड अलगद हातात येतो.

त्रेसष्टला फोन वाजला.

"अण्णा, घुबड करतोयस म्हणे," साडू म्हणाले. "कान कोरलेस का?"

"कोरले की."

"घुबडाला कान नसतात."

आता हे कोण ऐकून घेईल? अण्णा फोन घेऊन गॅलरीत गेले. घुबडाचे कान, मग वटवाघळाचे कान, मग अण्णांच्याच लग्नात साडूंनी त्यांचा केलेला अपमान, असा विषय वाढत गेला. मधेच अण्णांनी नाक वर केलं आणि म्हणाले, "तुमच्याकडे काहीतरी करपतंय, भाऊसाहेब. बघा जरा."

पाऊण तासाने बायको बाजारातून आली आणि स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "अहो, ह्याची विजार कुठे गेली?"

अण्णा धावत आत गेले. धुरकट स्फटिक जास्त तापला की त्याचा धूर निघून जातो आणि मागे साध्या काचेसारखा बिनरंगी दगड उरतो, हे त्यांना शाळेच्या वयापासून माहीत होतं. घुबड डोक्यापासून कमरेपर्यंत छान तपकिरी होतं. कमरेखाली, जिथपर्यंत वाळू होती तिथपर्यंत, ते पाण्यासारखं स्वच्छ झालं होतं. स्वेटर घालून, विजार विसरून घराबाहेर पडलेल्या गृहस्थासारखं ते दिसत होतं, आणि त्याचा रागही आता समजण्यासारखा वाटत होता.

"वरचाही भाग भाजून टाका," बायको म्हणाली. "निदान सगळं एकसारखं होईल."

"प्रदर्शन धुरकट दगडांचं आहे. बिनरंगी दगड दारातूनच परत पाठवतील."

बायकोने अर्ज भरायला घेतला. त्यात एक प्रश्न होता: दगडाला उष्णता दिली आहे का? 'होय' म्हटलं की रवानगी थेट मागच्या खोलीत, हात धुवायच्या बेसिनशेजारी. तिने ती जागा कोरी ठेवली. "हे तुमचं तुम्ही भरा," ती म्हणाली. अण्णांनीही ती कोरीच ठेवली.

परीक्षक बाई आयुष्यभर कॉलेजात दगडांचंच शास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी भिंग लावलं आणि बराच वेळ घुबडाच्या कमरेकडे पाहिलं.

"रंग असा सरळ रेषेत संपतो? निसर्ग काही पट्टी घेऊन बसत नाही. तापवलाय का हो हा?"

अण्णांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी शेजारी उभे असलेले साडू बोलले.

"छे हो बाई. खाणीत निघतात असे कधीमधी. मी पाहिलेत. अगदी अस्सल आहे."

साडूंना एका नजरेत सगळं कळलं होतं, यात शंका नव्हती. "तुम्ही म्हणताय म्हणजे असेल," असं म्हणत बाईंनी 'नाही'कडे पेन नेलं. वर त्या हेही म्हणाल्या, की मग इतका दुर्मीळ दगड दारासमोरच्या कपाटात ठेवावा लागेल. साडूंनी अण्णांना हळूच डोळा मारला.

चौदा वर्षांचं कपाट हातभर अंतरावर होतं. पण त्या डोळ्यात अण्णांना आपलं उरलेलं आयुष्य दिसलं. प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत, शेवटी दवाखान्याच्या खाटेशीसुद्धा साडू वाकून विचारणार, "आठवतं ना, अण्णा?" जिन्याखाली राहता येतं, साडूच्या उपकाराखाली राहता येत नाही.

"भाजलाय," अण्णा म्हणाले. "कढईत. चुकून. मी फोनवर ह्यांच्याशीच भांडत होतो."

बाईंनी 'होय'वर खूण केली. मग त्या इतक्या हसल्या, की भिंग पुसायला त्यांना खाली बसावं लागलं.

घुबड बेसिनशेजारी गेलं. अण्णा त्याच्याजवळ स्टूल टाकून बसले. त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि तरी हलकं वाटत होतं. हात धुवायला आलेला पहिला माणूस थांबला, खिदळला आणि आपल्या बायकोला बोलवायला गेला. ती बहिणीला घेऊन आली. दुपारपर्यंत मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. लोक खाली वाकून घुबडाच्या पारदर्शक पायांतून एकमेकांची तोंडं बघत होते, आणि ज्यांना खरंच हात धुवायचे होते ते वैतागले होते. दारासमोरच्या कपाटात साडूंचा रेडा होता आणि त्याच्यापाशी एक पहारेकरी होता. तोही मधून मधून मागे येऊन जात होता.

गर्दी ओसरल्यावर साडू आले. थोडा वेळ घुबडाकडे पाहत उभे राहिले. मग दुसरं स्टूल ओढून अण्णांच्या समोर बसले आणि आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहून खालच्या आवाजात म्हणाले, "अण्णा, वाळू जाड घेतलीस की बारीक? रेष इतकी साफ कशी आली?"

अण्णांनी पाठ सरळ केली. पाच मिनिटांत सांगून संपणारी ती गोष्ट त्यांनी एक तास सांगितली, आणि साडूंनी मधे एकदाही तोंड घातलं नाही.