नीलायदाक्षी जेवायला येणार होती

मित्रांनो, मी एक जुने तमिळ मासिक आहे. माझे नाव ‘कदंबमालै’, म्हणजे नाना फुलांची मिळून गुंफलेली माळ. कुंभकोणमच्या एका लहान छापखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पोटात एक गोष्ट, चार कविता, थोडे वैद्यक, थोडा विनोद, परदेशांतल्या नवलाच्या बातम्या आणि शेवटी ‘वाचक विचारतात’ हे पान, असे सगळे एकत्र होते. लोकांना याची सवय नव्हती. हे धड पुराण नाही की धड वर्तमानपत्र नाही, म्हणून ते मला दोन बोटांत धरून संशयाने पाहत.

माझे संपादक पंचापकेसन मोठ्या उमेदीचे होते. पण ‘वाचक विचारतात’ या पानासाठी एकाही वाचकाने काही विचारले नाही. पान कोरे कसे सोडायचे? मग त्यांनी एक वाचक घडवली. ‘कुमारी नीलायदाक्षी, नागपट्टणम.’ ती विचारी, ‘समुद्राचे पाणी खारट का?’ आणि पंचापकेसन पानभर उत्तर देत.

छपाईचे खिळे जुळवणारा मासिलामणि एकदा कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, “साहेब, या मुलीचं अक्षर अगदी तुमच्यासारखं आहे हो.”

“मी नक्कल करून देतो. तू जुळव.”

“जुळवतो की. माझं काय जातंय?” पण त्या दिवसापासून तो त्यांच्याकडे तिरप्या नजरेनेच पाहू लागला.

खरी आग घरात लागली. पंचापकेसनची पत्नी मंगळम मला दर महिन्याला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत असे. हे मात्र नवऱ्याला ठाऊक नव्हते. एक दिवस तिने विचारले, “अहो, ही नीलायदाक्षी कोण?”

“वाचक आहे,” असे म्हणून ते ताकभात कालवू लागले. त्यांचे कान लाल झालेले तिने पाहिले.

शेजारच्या जानकी मामींनी त्यात तेल ओतले. “अगं मंगळम, वर्गणीदार गोळा करायला तुझे हे नागपट्टणमलाच का जातात गं? तंजावूरला काय माणसं राहत नाहीत? मी आपलं सहज विचारते हो.”

त्यानंतर मंगळम नवऱ्याच्या सदऱ्याचा वास घेऊन पाही. ते नागपट्टणमहून खारवलेली आंबोशी घेऊन आले, तर ती तिने चाखलीही नाही. बिचारी मनातल्या मनात झुरू लागली. माझे पान उलटताना तिचा अंगठा नीलायदाक्षीच्या नावावर इतका घट्ट दाबला जाई, की शाई फुटे. मी सारे जाणत होतो, पण मला बोलता कुठे येत होते?

शेवटी तिने स्वतःच एक प्रश्न लिहून टपालात टाकला. ‘माझे यजमान एका परक्या मुलीच्या शंकांचे हौसेने निरसन करतात. मी काही विचारले, तर नुसते हं म्हणतात. मी काय करावे? – एक गृहिणी.’

मित्रांनो, लग्नाला इतकी वर्षे होऊनही पंचापकेसननी बायकोचे अक्षर कधी पाहिलेच नव्हते. ते छापखान्यात धावत आले. “मासिलामणि, आला. खरा प्रश्न आला.”

मासिलामणिने कागद उलटसुलट करून पाहिला. “या वेळी डाव्या हाताने लिहिलंत वाटतं?”

पंचापकेसननी फार मनापासून उत्तर लिहिले. ‘भगिनी, त्या मुलीला घरी जेवायला बोलवा. समोर बसवून वाढा. दृष्टीआडच संशय वाढतो.’

अंक निघाला. मंगळमने तो वाचून घडी करून ठेवला आणि ती म्हणाली, “अहो, येत्या शुक्रवारी नीलायदाक्षीला जेवायला बोलवा.”

शुक्रवारी तिने सांबार केले, वडे तळले, पायसम केले आणि केळीची दोन पाने मांडली. पंचापकेसन दारातच उभे राहिले.

“कुठे आहेत पाहुण्या?” मंगळमने विचारले. पायसम ढवळता ढवळता तिने माहेरी जायचा निश्चय केला होता.

पंचापकेसन पाहुणीच्या पानावर जाऊन बसले. “वाढ. नीलायदाक्षी आली.”

“थट्टा पुरे.”

“थट्टा नाही गं. कुणी काही विचारतच नव्हतं. म्हणून मीच विचारायचो, मीच सांगायचो. तुला सांगायची लाज वाटली.”

तिचा विश्वास बसेना. मग ती समोर बसली. “आणि ती गृहिणी कोण, ते ठाऊक आहे?”

त्यांना ते उमजायला वेळ लागला. उमजले तेव्हा त्यांची मान खाली गेली.

“प्रश्न तुमचे, उत्तरं तुमची. मग ही कसली हो कदंबमालै? एकाच फुलाची माळ झाली की,” मंगळम म्हणाली. “आता ते पान कोरं सोडा. खोटी मुलगी नको.”

“लोक हसतील. मासिक बुडेल.”

“बुडालं तर बुडू दे.”

पुढच्या अंकात माझे शेवटचे पान खरोखर कोरे निघाले. वर एवढेच छापले होते : ‘या महिन्यात कोणी काही विचारले नाही. यापुढे उत्तरे मंगळम देतील.’ मला स्वतःला फार उघडे वाटले. पण त्या कोऱ्या पानाला बायका भुलल्या. प्रश्न येऊ लागले. बाळाच्या खोकल्याचे, सासूच्या बोलण्याचे, शिकायच्या इच्छेचे.

तरी संशय काही संपला नाही. एका दुपारी मन्नारगुडीच्या वेदवल्ली नावाच्या बाई एकट्याच दारात आल्या. “मंगळम म्हणजे खरंच बाई आहे, की बाईचं नाव घेतलेला पुरुष, हे पाहायला आले. रागवू नका.”

मंगळम इडलीचे पीठ वाटत होती. तिने भरलेला हात तसाच वर करून दाखवला. “पाहा नीट. फसवणूक वाटली तर हात धुऊन दाखवते.”

वेदवल्ली हसल्या नाहीत. त्या रगड्याजवळ जमिनीवर बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “मग एक विचारायचं आहे. छापू नका.”

मंगळमने ते छापले नाही. म्हणून तो प्रश्न मलाही ठाऊक नाही.

पुढे युद्ध आले, कागद महागला आणि मी बंद पडलो. माझे कित्येक अंक शेवग्याच्या शेंगा बांधायला गेले. एक संच वाचनालयाच्या खालच्या फळीवर उरला आहे, त्यालाही कसर लागली आहे.

मित्रांनो, मला उघडाल तेव्हा हात कोरडे ठेवा. पान वरच्या कोपऱ्याने हळू उलटा. आणि घरातल्या कुणाबद्दल मनात काही आले, तर जवळ बसून त्यालाच विचारा. छापून यायची वाट पाहू नका.