उशिरा पडणारा ठोका

आनंदाने ड्रमची किल्ली गरज नसताना आणखी एकदा पिळली आणि नाइलाजाने काड्या प्रियांकाच्या हातात दिल्या. गायिका योगिताच्या शनिवारच्या कार्यक्रमात ही मुंबईची मुलगी ड्रम वाजवणार होती. आयोजकांना नावाजलेलं कुणीतरी हवं होतं. त्या गाण्यांच्या मूळ अल्बमवर वाजवणारा आनंदा आता तिला शिकवायला आला होता, आणि शनिवारी आपणच त्या ड्रममागे बसावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

तालीम डिंडोलीतल्या एका बंद लूम-कारखान्याच्या माळ्यावर चालली होती. आनंदाची आई आणि योगिताची आई एकेकाळी खालीच कामाला होत्या. त्या खडखडाटात बोललेलं ऐकू यायचं नाही, ओठ बघूनच समजून घ्यावं लागायचं. पोरंही तेच शिकली.

योगिताच्या पहिल्या अल्बमचं नावच ‘धोटा’, मागावर दोरा घेऊन इकडून तिकडे धावतो तो. अहिराणी शब्द आणि त्याखाली निओ-सोल या पाश्चात्त्य शैलीचा जड, संथ बास. बारा वर्षं झाली तरी वेसू भागातल्या कॅफेत तो वाजतोच, तेव्हा पाळण्यात असलेली पोरं आज तो कानात घालून फिरतात. तिचे पुढचे अल्बम आले आणि गेले. लोकांना वेड लावलं ते तिच्या उशिराने: ठोका पडून जायचा आणि तिचा शब्द मागून निवांत यायचा. त्या उशिरावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली. ड्रमवाल्यावर मात्र एक ओळही नाही. आनंदा हळदी आणि वराती वाजवत राहिला, आणि कुठे ‘धोटा’ कानावर पडला की त्याचं पोट दुखायचं.

प्रियांकाने सुरुवात केली. बिनचूक हात होता. योगिता गायली, तीही बिनचूक. आणि गाणं मेल्यासारखं पडून राहिलं. आनंदाला उकळ्या फुटल्या.

“ताई, तुमचा तो उशीर येत नाहीये,” प्रियांका म्हणाली.

“तो माझा नव्हताच,” योगिता म्हणाली. “याचा होता. हा उशिरा वाजवायचा. हा कधी वाजवतोय ते कळेना, म्हणून मी थांबायचे.”

आनंदाचा चेहरा उतरला. मग तो उसळला.

“बारा वरीस कोनले सांगं नई ते?”

“काय सांगू? आनंदा चुके, असं?” योगिता त्याच्याकडे न बघताच म्हणाली. “सांगतू तर तुले काम कोन देता?”

तिने आपलं श्रेय लाटलं म्हणून तो इतकी वर्षं जळत होता. आता त्या जळण्याचं काय करायचं, ते त्याला कळेना. योगितानेच प्रियांकाकडून काड्या घेऊन त्याच्यापुढे धरल्या.

तो बसला. वाजवू लागला. पण वरातींनी हात पक्का करून टाकला होता. प्रत्येक ठोका जागच्या जागी पडत होता. गाणं पुन्हा तसंच मेलेलं. त्याने मुद्दाम उशीर करून पाहिला, तेव्हा तर ते सरळ चुकल्यासारखं वाटलं. त्या अल्बमवर वाजवणाऱ्या घाबरट पोराचाच, बारा वर्षांपूर्वीच्या स्वतःचाच, त्याला हेवा वाटला.

“नई जमस,” तो म्हणाला आणि काड्या खाली ठेवायला वाकला.

“तवय तुना हेडफोनवर भरोसा नव्हता,” योगिता म्हणाली. “तू मन्हा तोंडकडे देखे. व्होट उघडनात की मंग काडी पाडे, आनि मंग मन्हा शब्द.”

आनंदाने काड्या ड्रमवर ठेवल्या.

“आते तू मन्हाकडे देखसच नई.”

ते खरंच होतं. तिची पोस्टरं त्याने डोळे फाडफाडून पाहिली होती. तिच्याकडे मात्र, आज माळ्यावर आल्यापासूनही, एकदाही नाही. प्रियांका उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. बासवाल्याने पहिला सूर लावला.

आनंदाने काडी उचलली आणि मान वर केली. योगिताचे ओठ उघडले. काडी खाली यायला जरा वेळ लागला.