कालव्यातला पराग

थवी गुरुजींकडे मी एकोणीस वर्षं राबले. कुमुदिनीच्या कुंड्यांतला चिखल उपसला, गोगलगायी वेचल्या, त्यांच्या खोकल्याचे काढे उकळले. अम्फाय आली ती शेवटच्या तीन वर्षांत, हसत हसत, हातात केळीच्या पानात बांधलेला गोड चिकट भात घेऊन. आणि हातपाय थकल्यावर गुरुजींनी आपली गडद लाल कुमुदिनी, जिच्या कंदासाठी बँकॉकहून माणसं यायची, ती कुणाला दिली? अम्फायला. मला म्हणाले, "बुप्फा, तुला काय, तू काहीही वाढवशील." हे कौतुक होतं असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

अम्फायचं घर कालव्याच्या पलीकडे, अगदी माझ्या ओट्यासमोर. रोज संध्याकाळी तिच्या कुंडीत ती लाल फुलं उमलायची आणि सकाळी दहापर्यंत माझ्या डोळ्यांत खुपायची.

एकदा थंडीच्या तोंडाला ती घाईघाईनं होडी वल्हवत आली. राचबुरीत तिच्या लेकीला कळा सुरू झाल्या होत्या.

"ताई, लालची यंदाची शेवटची कळी आज उमलणार गं. आणि मला तर निघायलाच हवं. माझ्याऐवजी तू पराग घालशील?"

कुमुदिनीचं फूल पहिल्या संध्याकाळी बाई असतं. मधल्या वाटीत गोडसर पाणी साठतं आणि त्यात पराग पडला तरच बी धरतं. दुसऱ्या संध्याकाळी ती वाटी आटते आणि तेच फूल पुरुष होऊन स्वतःचा पराग उधळायला लागतं. म्हणजे संधी एकच. अम्फायनं माझ्या हातात छोटी बाटली दिली. तिच्यात गुलाबी जातीचे पुंकेसर होते.

"तुझ्याशिवाय भरवसा कुणावर ठेवू?" असं म्हणून ती गेलीसुद्धा.

भरवसा म्हणे! मी बाटली कालव्यात रिकामी केली. माझ्या पायरीखाली पांढरी कुमुदिनी माजलेली असते. तिचे देठ सोलून आम्ही बांगड्याबरोबर नारळाच्या दुधात शिजवतो, बाजारात जुड्या बांधून विकतो. तिच्या दुसऱ्या संध्याकाळच्या फुलातले पुंकेसर मी खुडले. पलीकडे जाऊन लाल फुलाचे स्वतःचे पुंकेसर कात्रीनं कापले, वाटीत माझे टाकले, वर जाळीची पिशवी बांधली आणि चिठ्ठीवर लिहिलं, आई लाल, बाप गुलाबी. राणीच्या पोटी भाजी जन्माला येऊ दे, म्हटलं.

झालं भलतंच. पुढच्या वर्षी त्या बियांच्या रोपांतल्या एकाला ताटाएवढं फूल आलं. पाकळ्या दुधासारख्या, बुडाशी लाली चढलेली, आणि दुपार झाली तरी मिटायचं नाव नाही. प्रदर्शनात ते पहिलं आलं. अम्फायनं त्याचं नाव ठेवलं 'थवीची पहाट'. लेकरू माझ्या हातचं, बारसं तिच्या घरी! मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या आधी सुरू केल्या आणि सगळ्यांच्या नंतर थांबवल्या, कुणाला संशय नको म्हणून.

मग पावसाळ्यात त्या झाडाचा गड्डा कुजला. संकर वांझ निघाला होता, ना बी धरलं, ना नवा कंद. अम्फायनं पुन्हा लालवर गुलाबी घातलं. एकदा नाही, चार वर्षं. दर वेळी मळकट गुलाबी फुलं. प्रदर्शनवाले तिला विचारायला लागले, बाई, ते फूल परत दाखवा. बाकीचे कुंडीवाले उघड म्हणायला लागले की तिनं ते कुठून तरी विकत आणलं असणार.

"ताई, त्या संध्याकाळी तू काही वेगळं केलं होतंस का? जरा आठव ना," एक दिवस ती म्हणाली.

"तू दिलंस तेच घातलं. माझ्यावर शंका घेतेस?"

"छे गं! मला शंका माझीच यायला लागलीय."

त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

पण एका सकाळी ती होडीत लाल कुमुदिनीची अख्खी कुंडीच घालून आली.

"ही तुझ्याकडेच यायला हवी होती, ताई. गुरुजी चुकले. मला लोक चोर म्हणतात. मी आता मिरच्या लावीन, नाहीतर वांगी. फुलं नकोत."

मी कुंडी उतरवून घेतली आणि अंगाचा तिळपापड झाला. उदार व्हायचं म्हटलं तरी ही माझ्या पुढेच!

आता आई माझ्या दारात, बाप माझ्या पायरीखाली. मी पराग घातला. पुढच्या हंगामात एकतीस रोपांतल्या एकावर ते फूल उमललं. तेच, तसंच. तीन दिवस मी त्यावर टोपली पालथी घालून ठेवली. दाखवायचं तर बाप सांगावा लागणार, आणि बाप सांगितला की पाप उघडं पडणार. दाखवायचंच नाही, तर मग फूल कशाला? मला पश्चात्ताप झाला असं कुणी समजू नये. हे फूल बुप्फाचं, असं कुणीतरी मोठ्यानं म्हणावं, एवढंच मला हवं होतं. चौथ्या दिवशी प्रदर्शन होतं. पहाटेच मी कुंडी होडीत चढवली.

देवळाच्या आवारात परीक्षकांची लगबग चालली होती, रात्रीची फुलं मिटायच्या आत बघून व्हायला हवीत म्हणून. माझ्या कुंडीपाशी म्हातारे परीक्षक थबकले.

"अरे, ही तर अम्फायची!"

"माझी," मी म्हटलं.

"आई कोण?"

"गुरुजींची लाल."

"आणि बाप?"

"कालव्यातली पांढरी. भाजीची."

लोक हसले. परीक्षक हसले नाहीत. "मग अम्फायकडे होती ती?"

अम्फाय मागेच उभी होती, मिरच्यांची पाटी घेऊन. मी तिच्याकडे न बघताच सांगून टाकलं.

"तीही माझीच. पराग घालायला तिनं मला सांगितलं होतं. मी तिचा फेकला आणि हा घातला. तिचं नुकसान व्हावं म्हणून. ती खोटं बोलली नव्हती. तिला ठाऊकच नव्हतं."

परीक्षकांनी माझं नाव लिहून घेतलं. अम्फाय पुढे आली, वाकून फुलाकडे खूप वेळ बघत राहिली.

"एका शब्दानं सांगायचंस ना गं," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी रडतेय." आणि तिथेच फरशीवर मटकन बसली.

सगळे तिच्याकडे धावले. कुणी पाणी आणलं, कुणी वारा घातला, तिला चोर म्हणणारे हात जोडून उभे राहिले. माझ्या कुंडीला पहिल्या नंबरची फीत बांधली होती आणि कुंडीजवळ चिटपाखरू नव्हतं. मला शरम वाटली, नाही असं नाही. पण खोटं कशाला सांगू? तिला वारा घालणारे ते हात बघून माझा जळफळाटच जास्त झाला.