खडे धुवायचं पाणी

पापडीच्या शेंगा तोडता तोडता सासू-सुनेची जुंपली, ती एका बुधल्यावरून.

बुधला काचेचा, घट्ट बूच मारलेला, आत पाणी. कच्छातल्या नव्या कामावरच्या बोअरचं म्हणून सकाळीच भाईदास मुकादम देऊन गेला होता. भाईदास मूळचा नंदुरबारकडचा, पण सुरतेत वीस वर्षं मुरलेला. बोलता बोलता अर्धा गुजराती होऊन जायचा. कच्छकडं, रणाच्या काठावर एका कंपनीनं कारखाना बांधायला घेतला होता. रेडिओच्या पोटात बसतात ते बारीक खडे तिथं व्हायचे होते. जमीन फुकटात, हवा कोरडी, म्हणून म्हणे जागा तिथं धरली. खडे रेतीपासून करतात हे कळल्यावर सुरतेबाहेरच्या डिंडोलीच्या वस्तीत हसून हसून झालं होतं. राघो म्हणाला होता, "कतारगामात हिरे घासतात ते कमी पडलं व्हय? आता रेतीबी घासा."

पण श्रीपत हसला नव्हता. मिलच्या रंगखात्यात पाणी मऊ करायच्या यंत्रावर तो सहा वर्षं हेल्परच राहिला होता, आणि तिसरी पाळी बंद होणार अशी कुणकुण होती. भाईदास त्याला पाणी-मिस्त्री करून न्यायला तयार होता. वर दोन खोल्यांचं क्वार्टर. वस्तीतली आणखी चार घरं, राघो-निंबाची धरून, श्रीपतच्या तोंडाकडं बघत होती. पाण्यातलं त्याला कळतं, तो गेला तर आपणही जाऊ, असा त्यांचा हिशेब.

श्रीपतच्या बायकोला, आनंदीला, मात्र अन्न गोड लागत नव्हतं. शोभी दहा महिन्यांची. मागच्या पावसाळ्यात पोरीला हगवण लागली, डोळे खोल गेले, टाळू बसली. चौथ्या दिवशी तिनं आईला ओळखलं नव्हतं. तेव्हापासून आनंदी पाण्याचा थेंबसुद्धा उकळल्याशिवाय देत नसे. बायका नावं ठेवत. धुळ्याच्या कॉलेजात दोन वर्षं सायन्स केलेली सून, तिच्या चुलीला लाकडं जास्त लागायचीच.

"तठलं पानी कसं से, ते पाहनं से ना तुले?" सासू धुरपदाबाई शेंगा ओटीत टाकत म्हणाली. "मंग भांडस कसाले? घर जाईसन डाळ शिजाड. खारं पानी व्हई तं डाळ टणक ऱ्हाई. आम्ही सोयरीक जोडतांना बी असंच पाहूत."

"डाळ शिजली म्हणजे झालं का, आत्या?"

"मंग आनखी काय? पानीनी जात इचारशी?"

बांधावरच्या झोळीत शोभी किरकिरली तेव्हा कुठं दोघी गप्प झाल्या.

दुपारी डाळ चुलीवर चढली. वस्तीतल्या बायका दारात जमल्या. वस्तीच्या विहिरीच्या पाण्यात तूरडाळ तासभर रडायची. ही अर्ध्या तासात लोण्यासारखी झाली. धुरपदाबाईनं पळीवर दाबून सगळ्यांना दाखवली. निंबाची बायको सुभद्रा म्हणाली, "बाई गं, रणात असं पाणी? मग आपणच इथं चिखलात कशाला मरतोय?"

श्रीपतचा चेहरा खुलला. "सांगत होतो ना. आणि कुठंही जा, पळसाला पानं तीनच."

"तिथं पळससुद्धा नाही," आनंदी म्हणाली. बायका हसल्या. ती हसली नाही.

तिच्या मनात काहीतरी सलत होतं. पाणी फार गुणाचं होतं, आणि फार गुणाच्या माणसाचीही तिला भीतीच वाटायची. तिनं दोन जर्मनच्या ताटल्या घासल्या. एकीत विहिरीचं पाणी ओतलं, दुसरीत बुधल्यातलं, आणि दोन्ही पत्र्यावर उन्हात ठेवल्या. कावळा येऊ नये म्हणून पोरीला मांडीवर घेऊन समोरच बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन्ही वाळल्या. विहिरीच्या ताटलीत पांढरं कडं उमटलं होतं. दुसरी कोरी करकरीत, आत्ताच पुसल्यासारखी.

श्रीपत पाळीवरून आला तेव्हा तिनं ताटल्या त्याच्यापुढं ठेवल्या. "जमिनीतलं पाणी आणि मागं काहीच ठेवत नाही? तापीचं ठेवतं, विहिरीचं ठेवतं, तुमच्या मिलमधलं मऊ केलेलंसुद्धा ठेवतं. हे बोअरचं पाणी नाही."

श्रीपतनं कोऱ्या ताटलीवरून बोट फिरवलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"...चव घेतली तेव्हा वाटलं होतं."

"आणि गप्प राहिलात?"

"सहा वर्षं झाली आनंदी, हेल्पर म्हणूनच हाक मारतात," तो म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.

संध्याकाळी भाईदास होकार घ्यायला आला. चारी घरची माणसं ओट्यावर होती. आनंदीनं पदर सावरला आणि शांतपणे विचारलं, "भाईदासभाऊ, हे पाणी तिथं कशाला वापरतात?"

"जुओ बेन, बघा, हे..." त्यानं श्रीपतकडं पाहिलं. श्रीपत जमिनीकडं बघत होता. "खडे धुवायला. त्यांना जरा बी मीठ चालत नाही. तसं पाणी करायचं मशीन आधीच बसवलंय."

"आणि माणसं काय पितात?"

"टँकर येतो ना. तीन दिवसांनी येतो. अधेमधे बोअरचं. थोडं खारं लागतं, सवय होऊन जाय."

धुरपदाबाई म्हणाली, "दगड धुवाले असं पानी, आनि मन्ही नातले खारं?"

"माँजी, ते पाणी दुधापेक्षा महाग पडतं."

"मग दूधच समजून द्या," आनंदी म्हणाली. "घरटी रोज एक हंडा. इतकं कोरं पोटाला बरं नाही, चिमूटभर मीठ मी घालीन त्यात. साहेबांकडून लिहून आणा, मग गाडीत बसू."

"साहेब हसतील, बेन."

"हसू द्या. हसून झालं की लिहायला सांगा."

भाईदास गेला, आणि आनंदीच्या जिवाची तगमग सुरू झाली. आठव्या दिवशी तिसरी पाळी खरंच बंद झाली. राघो येता-जाता पुटपुटायचा, "शिकलेली बाई अन् घरात वारा, दोन्ही दिवा विझवतात." श्रीपत जेवायचा आणि उठायचा. रात्र नाही, दिवस नाही, तिला एकच वाटे, हंड्यापायी आपण पाच घरांची चूल तर नाही ना विझवली?

पंधराव्या दिवशी भाईदास टाइप केलेला कागद नाचवत आला. "दीधुं! दिलं! घरटी एक हंडा. साहेबांनी विचारलं, ही बाई कोण? मी बोललो, डाळ शिजवणारी."

ओट्यावर हशा पिकला. निंबानं तर विडी पेटवून दिली त्याला. आनंदीनं कागद घेतला, एकदा वाचला, पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा तिचं बोट एका ओळीवर थांबलं. बांधकाम चालू असेपर्यंत.

"म्हणजे कारखाना सुरू झाला की हंडा बंद," ती म्हणाली.

"मग तर खड्यांनाच पाणी पुरणार नाही ना, बेन. समजा जरा. आणि माझ्याकडं डिंडोलीत दुसरी बी माणसं आहेत."

एवढी माणसं एवढे दिवस खोळंबली होती. आनंदीनं कागद घडी घालायला घेतला, तर श्रीपतनं तो हातातून काढून घेतला. भाईदासच्या खिशातलं पेन त्यानं न विचारता उपसलं, गुडघ्यावर कागद ठेवला आणि ती ओळ खोडली. एकदा नाही, तीनदा, शाई पलीकडं उतरेपर्यंत.

"याच्या बाजूला साहेबांची सही आणा," तो कागद भाईदासच्या हातात देत म्हणाला. "दुसरी माणसं मिळतील तुम्हाला. पण ते यंत्र चालवणारा पाणीवाला डिंडोलीत दुसरा नाही, अन् तुम्हीबी ते जाणता."

भाईदासनं निंबाकडं पाहिलं, राघोकडं पाहिलं. राघोनं आभाळाकडं पाहिलं. "तुम्ही लोक माझी रोजी खाणार," असं पुटपुटत भाईदास उठला आणि चपला शोधू लागला.

बायका पुन्हा कुजबुजायला लागल्या. शोभीनं आईचा पदर ओढला. आनंदीचं कुणाकडंच लक्ष नव्हतं. ती भाईदासच्या हातांकडं बघत होती. वाटेला लागण्याआधी त्यानं कागद फाडला नाही. नीट चार घड्या घातल्या आणि आतल्या खिशात ठेवला.