डाइवाचं पेन

जूनमधल्या त्या गुरुवारी हार्लआजोबांची चाकाची खुर्ची ढकलत मी त्यांना मतदानाला नेलं. मी लिथुआनियाची. गेली नऊ वर्षं या इंग्लिश खेड्यात म्हाताऱ्यांची सेवा करतेय. युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर मतदान होतं. मला मताचा अधिकार नव्हता.

"डाइवा, तुझं पेन दे," दारात आजोबा म्हणाले. "आत पेन्सिली ठेवतात लेकाचे. रात्रीतून मतं खोडतील."

"कोण खोडणार?"

"ते वरचे. बाहेरचे लोक आणून भरायचेत ना त्यांना इथे!" माझं तोंड बघून ते गडबडले. "तुला नाही गं म्हणत. तू आमचीच."

मी पेन दिलं. आजोबा बाहेर आले, तसं रांगेतल्या मॅविसबाईंनी ते मागून घेतलं. त्यांच्या आईला शेवटची अंघोळ मीच घातली होती. मग खाटकाने घेतलं, मग पोस्टमनने. प्रत्येकजण जाताना माझा खांदा थोपटायचा. "तुझ्यावर राग नाही हं, पोरी."

पेन परत आलं ते गरम होतं.

वाटेत मला राहवेना. "माझ्यावर नाही, तर मग राग कोणावर आहे, आजोबा?"

"बाहेरच्यांवर," ते म्हणाले.

खुर्ची ढकलता ढकलता मी एकेक घर आठवत गेले. गावाच्या टोकापर्यंत आठवून पाहिलं. बाहेरची मी एकटीच होते.