वाळवी न लागलेलं दार

अठ्ठ्याहत्तर साली गिरीज गावातल्या पडक्या बंगल्याभोवती बाग झाली. बागेला राखणदार हवा म्हटल्यावर सॅन्टनने ती जागा मनातल्या मनात आपलीच धरली. दुसरा होताच कोण? त्याचा बाप बंगल्याचा राखणदार. मालक आफ्रिकेला गेले तेव्हा बापाने क्रुसावर हात ठेवून शब्द दिला होता, इथला खिळा हलणार नाही. वाळवी धरू नये म्हणून दरवर्षी पावसाआधी बापलेक बंगल्याच्या सागवानी दाराला काजूच्या टरफलांचं काळं तेल चोपडायचे. बाप गेला आणि तो शब्द सॅन्टनच्या गळ्यात पडला.

एका पावसाळ्यात सॅन्टन तापाने अंथरुणाला खिळला, तेवढ्यात गावाने बंगला धुऊन नेला. कुणी कौलं नेली, कुणी वासे. दार आलोशियसने नेलं. सॅन्टन भांडायला उठला तर मोठी माणसं म्हणाली, पडक्याचं कसलं आलंय पाप? पुढे त्याच्याच रिटाला आलोशियसच्या मुलासाठी मागणी आली. लेक त्याच दारातून सासरी शिरली, मग बोलणार काय कपाळ! सॅन्टन स्वतः मात्र कुडाच्याच घरात राहिला. एक वीटही त्याने उचलली नाही.

एका रविवारी चर्चमधली मिसा सुटल्यावर मालकांचा नातू बाग बघायला आला. राखणदार त्याच्याच शिफारशीने ठेवायचा, असं सरपंचांनी ठरवलं होतं. सॅन्टन धुतलेला सदरा घालून पुढे चालत होता. इथे जेवणघर, इथे आजोबांची आरामखुर्ची, असं दाखवत होता. दिसत होत्या फक्त भिंती आणि गवत. नातवाचं तोंड कडू होत गेलं.

“राखणदार होतात ना तुम्ही? मग दारं-खिडक्या कुठे गेल्या?”

मागे सगळं गाव आपापल्या चपला बघत उभं राहिलं. आलोशियसही. सॅन्टनच्या डोळ्यांपुढे रिटा आली.

“वाळवीने खाल्लं, साहेब,” तो म्हणाला.

जेवण आलोशियसकडे होतं, पाहुण्याला दाखवण्याजोगं घर तेवढंच. नातू दारातच थबकला. त्याने सागवानावरून हात फिरवला, आलोशियसकडे बघितलं आणि सरपंचांकडे वळला.

“काय जपलंय यांनी! बागेला असा माणूस ठेवा.”

आलोशियस लाजून मेला, पण जागेला नाही म्हणाला नाही. सगळे पानावर बसले. रिटा बापाजवळ आली. तिला सगळं ठाऊक होतं. जेवून जा, एवढंच ती म्हणाली.

“पोट भरलं, बाय.”

तो बाहेर पडला. जाता जाता दाराच्या खालच्या कोपऱ्याला त्याने बोट लावून बघितलं. वाळवीचं एक भोक नव्हतं. असणार कसं? तेल त्याच्याच हातचं होतं.